तुळसानं दिलेलं पोर

गोदा आणि तुळसा सख्ख्या बहिणी. पण गोदाने तुळसाला बहीण म्हणून कधी वागवलंच नाही, लेक म्हणून वाढवलं. आई गेली तेव्हा तुळसा रांगत होती आणि गोदा नुकती परकर नेसायला लागली होती. बापाने दुसरी बायको केली नाही. गोदाला स्थळ आलं की तो म्हणायचा, "धाकटी जरा हाताशी येऊं दे." ती हाताशी येईपर्यंत गोदाच्या बरोबरीच्या पोरींची पोरं शाळेत जायला लागली होती. मग कुठे गोदाला पालीच्या रावजी घवाळीला दिली.

रावजी सुतार नव्हता, कुणबीच. पण हात सुताराचा होता. आंब्याच्या हंगामात पालीच्या नाक्यावर बसून तो खोकी ठोकायचा, एरवी कुणाच्या दाराची चौकट, कुणाच्या नांगराचा लांब दांडा, इसाड, असली कामं करायचा. बोलायचा कमी. तुळसाचं लग्नही त्यानेच पुढे होऊन करून दिलं. पालीपासून दोन-अडीच कोसांवरच्या वाडीतला भागोजी आग्रे, मुंबईला गिरणीत कामाला होता. तुळसाला गंगा झाली, मग सदू झाला.

गोदाचं मात्र काही धड होईना. दिवस जायचे आणि मधेच सगळं संपायचं. शेवटच्या खेपेला तिला ट्रकात घालून रत्नागिरीला नेली. जीव वाचला, पण पिशवी काढून टाकावी लागली. घरी आल्यावर सासू, येसूबाई, तिला काही बोलली नाही. ती रावजीशी बोलली. तिच्या माहेरची एक पोर होती, गरीब घरची, दुसरेपणावर द्यायला तयार होते. रावजीने ठोकत होता ते खोकं पुरं केलं, मग म्हणाला, "आये, परत हा विषय काढू नको."

तुळसा बहिणीला बघायला आली, तेव्हा गोदा सदूला तेल लावत बसली होती. लावता लावता तिचा हात थांबला तो थांबलाच. तुळसाने ते पाहिलं.

"आक्का, माजं पुढचं पोर तुजं," ती म्हणाली. "पोटात माज्या वाढंल, पन तुजं."

गोदाने मान हलवली. "भागोजीचं पोर मी घेऊ, नि ह्यांचं काय गो? माज्यापायी ह्येंनी दुसरी केली नाय. ह्येंच्या मागं ह्येंचं कायतरी नको ऱ्हायला?"

तुळसाने सदूला आपल्या मांडीवर घेतलं आणि राहिलेलं तेल लावलं.

गोदाच्या त्या प्रश्नाचं उत्तर मिळालं मुंबईत. गोदाचं पोट दुखायचं राहीना म्हणून रावजीने तिला तिथल्या एका डॉक्टरीणबाईंना दाखवलं. बाई वयस्क होत्या. त्यांनी सगळं विचारून घेतलं, रावजीला तपासलं, आणि बोलता बोलता म्हणाल्या की नवऱ्यात दोष नाही, तेव्हा दुसरी एखादी बाई तयार असेल तर नवऱ्याचं बीज सुईने तिच्या पोटात घालता येतं; अंगाला अंग लागत नाही. गोदा त्या रात्री झोपली नसावी, कारण सकाळी उठल्याबरोबर तिने रावजीला सांगितलं की तुळसाला बोलावून घ्या.

भागोजीच्या खोलीत चौघं बसली. गोदाने सांगायला सुरुवात केली, पण तिला ते पुरं करवेना. रावजीने पुरं केलं. भागोजीने विडी पेटवली आणि ती तशीच हातात जळू दिली. मग म्हणाला, "तुळसाला तिनं वाढवली. ती तुळसाची आईच. आईनं मागितलं तर नाय कोन म्हनंल? पन गावात ह्यातला शबूद फुटता नये. लोकांना सुई बिई कळत नाय. लोकांना येकच कळतं."

चौघांनी ग्रामदेवतेची शपथ घेतली.

डॉक्टरीणबाईंनी काम करायच्या आधी चौघांनाही समोर बसवलं. "यात पाप काही नाही," त्या म्हणाल्या. "पण कायद्याला हे ठाऊक नाही. जन्मेल ते मूल कायद्याने तुळसाबाईंचं आणि भागोजींचं. रावजी त्याचे कुणी नाहीत, गोदाबाई त्याची मावशी. म्हणून मूल झालं की वकील गाठा आणि रीतसर दत्तक करून घ्या. हे विसरू नका."

चौघांनी माना हलवल्या. मूल होईल की नाही हीच धाकधूक तेव्हा इतकी होती, की वकिलाचं बोलणं कुणाच्या मनात ठरलं नाही. तुळसा त्या दिवसांत नवऱ्याच्याच खोलीत राहत होती, पण बाईंच्या सांगण्यावरून दोघं अंतर ठेवून होती. दोनदा जावं लागलं, आणि तिला दिवस गेले.

ती बाळंत झाली पालीला, गोदाच्या घरी. ते ऐंशी साल. भागोजीला रजा मिळाली नाही. मुलगा झाला. येसूबाईने पोराला पायांवर घेतलं, न्याहाळलं आणि म्हणाली, "बघ गो, आग्र्यांचं पोर, पन कपाळ कसं आमच्या मालकांसारखं!" गोदा आणि तुळसा दोघींनी एकदम चुलीकडे पाहिलं. बारशाला शेजारपाजारच्या बायका जमल्या. त्यांच्यासमोर तुळसाने पोराला उचललं आणि गोदाच्या ओटीत घातलं. "आक्का, हा तुजा," ती म्हणाली. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. बहिणीने बहिणीला पोर दिलं, ह्यात नवल नव्हतं. आजवर कितीतरी घरांत असं झालं होतं. पोराचं नाव रावजीच्या बापाचं ठेवलं, काशीराम.

वकील राहूनच गेला. घरातल्या घरात वकील कशाला, असं गोदाला वाटलं. भागोजी परका थोडाच होता.

तुळसा पोर अंगावरून सुटेपर्यंत पालीला राहिली. मग छातीला फडकं घट्ट बांधून वाडीवर परतली. एसटीत शेजारच्या बाईचं पोर रडलं, तेव्हा तिचं पोलकं भिजलं. तिने पदर पुढे घेतला आणि खिडकीबाहेर बघत राहिली. मी दिलं, मी आनंदाने दिलं, असं ती मनात घोकत होती, आणि ते खोटंही नव्हतं.

काशीराम मोठा झाला, तिला मावशी म्हणायला लागला. तुळसा सणावारी जायची, त्याला नाचणीचे लाडू न्यायची, आणि निघताना मागे वळून बघायची नाही. तसं तिने स्वतःलाच बजावलं होतं. गंगा आणि सदू होते. दिवस कामात जात होते.

गिरण्यांचा संप झाला त्या साली भागोजी गावी आला, तो परत गेलाच नाही. गिरणीतला माणूस शेतात रमेना. सदू मात्र बापाला चिकटला. बाप जाईल तिकडे तो. बांधावर, नदीवर, गवत कापायला. भागोजी त्याला मुंबईच्या गोष्टी सांगायचा. तुळसाला वाटायचं, संपाने नोकरी नेली, पण घराला बाप दिला.

मग एके सकाळी सदू गवताचा भारा उचलायला गेला आणि त्याला फुरसं चावलं. भागोजीने त्याला पाठुंगळीला मारून रस्त्यापर्यंत धावत नेलं. एसटी मिळाली. ड्रायव्हरने कुठे न थांबता गाडी रत्नागिरीकडे हाणली. सदू बापाच्या मांडीवर वाटेतच गेला. भागोजी मात्र दवाखाना येईपर्यंत त्याच्याशी बोलत होता.

त्यानंतर भागोजी ओटीवर बसून राहायला लागला. पेज पुढे ठेवली तर प्यायचा, न ठेवली तर मागायचा नाही. तुळसा रडली, गंगा रडली, वाडी रडली. तो रडला नाही. वर्ष असंच गेलं. एके दुपारी तुळसा भात पाखडत होती, तेव्हा तो मागून म्हणाला, "पालीला माजा दुसरा मुलगा हाय."

तुळसाच्या हातातलं सूप तसंच राहिलं. "कोन?"

"काशीराम. रत्नागिरीत एका वकिलाला इचारलं मी. जन्माच्या दप्तरी बाप म्हनून माजं नाव हाय. दत्तकाचा कागद नाय. त्यो माजाच हाय."

"अवो, तुमाला ठावं हाय त्यो कोनाचा ते!"

"कायद्याला ठावं नाय."

"आपन शपथ घेतली व्हती."

"बोलायची नाय म्हनून घेतली व्हती. मी कुटं बोलतोय?" भागोजी म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज फुटला. "तुळसे, घरात पोराचा आवाज नाय गो. मला घरात बसवत नाय."

तो पालीला गेला आणि तसाच परत आला. रावजीने त्याला चहा पाजला आणि पोर देणार नाही म्हणून सांगितलं. मग भागोजीने रत्नागिरीच्या कोर्टात अर्ज केला. अर्जावर तुळसाचीही सही लागत होती.

तुळसाने सही केली. नवऱ्याने सांगितलं म्हणून केली, असं ती वाडीत सांगायची. तसं तिने स्वतःलाही सांगून बघितलं. पण सही करताना तिच्या डोळ्यांसमोर भागोजी नव्हता. अंगणात एक पोर हुंदडतंय आणि ते भुकेलं की आपल्यापाशी येतंय, असं काहीतरी तिला दिसलं होतं. इतकी वर्षं दाबून ठेवलेलं ते एकदम वर आलं होतं, आणि आक्काचा चेहरा त्याच्यामागे झाकला गेला होता. पेन खाली ठेवल्यावर तो चेहरा दिसला. तोवर वकिलाने कागद उचलले होते.

कोर्टाच्या तारखा पडत गेल्या. दोघी बहिणी आवारात समोरासमोर यायच्या. पहिल्या तारखेला तुळसा तोंड फिरवून उभी राहिली. गोदाच तिच्याजवळ आली. तिने तुळसाच्या डोक्यावरचा पदर सारखा केला, लहानपणी करायची तसा, आणि परत रावजीजवळ जाऊन बसली.

तुळसाच्या जबानीच्या दिवशी दुपारची सुट्टी झाली. आवारातल्या वडाखाली गोदा आणि रावजी भाकरीचं फडकं सोडून बसले होते. भागोजी वकिलाबरोबर गेला होता. तुळसा त्यांच्याकडे गेली.

"भावजी, तुमी खरं का सांगत नाय?" तिने विचारलं. "त्यो तुमच्या रक्ताचा हाय, असं सांगा की जजसायबाला."

रावजीने भाकरीचा तुकडा खाली ठेवला. "आमचा वकील म्हनला, सांगून बघू. मी तयार झालतो. तुज्या आक्कानं पाय धरलन माजे."

"का गो आक्का?"

"येडी हायस काय?" गोदा म्हणाली. "त्यांनी असं भर कोर्टात सांगितलं तर लोक काय समजतील? सुई म्हनून कोन ऐकंल? मेव्हनी नि भावजी, येवढंच ऐकतील. गंगा लग्नाची झाली. उद्या तिला कोन करून घेईल? तुला वाडीत पानी भरू देतील?" तिचा स्वर खाली आला. "तू माज्यासाठी पोट दिलंस, तुळसे. मी तुजी अब्रू घेऊ?"

तुळसा उभी होती तिथेच खाली बसली. गोदाने तिच्यापुढे भाकरी सरकवली. 

पुकारा झाला. तुळसा पिंजऱ्यात उभी राहिली. भागोजीच्या वकिलाने विचारलं, काशीराम हा तुमच्या पोटचा मुलगा आहे ना? ती म्हणाली, व्हय. एवढ्यावर खरं तर काम संपत होतं. वकील खाली बसायला वळला.

"सायब, मला आनखी सांगायचं हाय," तुळसा म्हणाली.

आणि तिने सांगितलं. तिला नीट शब्द सापडत नव्हते. डॉक्टरीणबाई, सुई, आक्काची काढलेली पिशवी, बारशाला ओटीत घातलेलं पोर, सगळं मागचं पुढं झालं. मागे बाकांवर कुजबूज उठली, कुणीतरी हसलं. जज्जसाहेबांनी टेबलावर हात आपटला तेव्हा शांत झालं. भागोजी मान खाली घालून बसला होता. त्याच्या मानेची शीर तेवढी दिसत होती. गोदाने दोन्ही हात तोंडावर धरले होते.

जज्जसाहेब तरुण नव्हते. त्यांनी चष्मा काढून हातात धरला.

"बाई, त्या दिवसांत तुम्ही राहत कुठे होता?"

"ह्यांच्याच खोलीत. मुंबैला."

"नवऱ्याबरोबर?"

"व्हय. पन पोर त्यांचं नव्हं, सायब."

"तुम्ही खोटं बोलताय असं मी म्हणत नाही. हे बोलून तुम्हांला मिळणार काहीच नाही, उलट जाणारच आहे, ते मला दिसतंय. पण लग्नाची बाई नवऱ्यापाशी राहत असताना तिला मूल झालं, तर ते नवऱ्याचंच, असं कायदा धरतो. तुम्ही जे सांगता आहात त्याच्यासाठी कायदा अजून झालेला नाही."

"बरं, नसूं दे. पन मी दिला ना त्येला आक्काला? सगळ्या बायकांसमोर दिला. मी आई ना त्येची?"

"आई आहातच. पण बाप हयात असला की दत्तक द्यायचा अधिकार बापाला. आईची त्याला संमती लागते, एवढंच. आई एकटी देऊ शकत नाही. बारशाला भागोजी हजर नव्हते. म्हणजे तुम्ही दिलंत ते कायद्याने देणं झालंच नाही."

तुळसाने कठडा धरला. "म्हंजे ज्येचं त्यात काय नाय, त्येनं द्यायचा. नि जिनं पोटात…"

 जज्जसाहेबांनी तिला खाली उतरायला सांगितलं, आणि शिपायाने तिला पाणी आणून दिलं.

निकाल व्हायला वेळ लागला, पण तो काय होणार ते त्या दिवशीच सगळ्यांना कळलं होतं. बाप धडधाकट आहे, वाईट चालीचा नाही, आई घरात आहे. तेव्हा मुलगा आईबापांच्या ताब्यात द्यावा.

काशीरामला आणायला भागोजी आणि तुळसा दोघंही गेली. मे महिना होता. गोदाने त्याला न्हाऊमाखू घातलं होतं, नवा सदरा घातला होता. त्याला वाटत होतं, आपण सुट्टीला मावशीकडे चाललो आहोत.

"किती दिवस, आये?" त्याने विचारलं.

गोदा क्षणभर थांबली. "शाळा सुरू होईस्तवर," ती म्हणाली. "मावशीला तरास देऊ नको. देतील ते खा."

रावजी घरात नव्हता. नाक्यावरून खिळे ठोकल्याचा आवाज येत होता. भागोजीने पोराचा हात धरला. तुळसाने पिशवी उचलली. गोदा अंगणाच्या बांधापर्यंत आली आणि तिथे उभी राहिली.

वाडीत तुळसाचं जे व्हायचं ते झालंच होतं. विहिरीवर ती गेली की बायका बोलायच्या थांबायच्या. गंगाला बघायला येणार होते ते आले नाहीत. भागोजीने तिच्यावर हात उगारला नाही. फक्त कितीतरी दिवस तो तिच्या हातचं जेवला नाही. गंगाने वाढलं तर जेवायचा. वाडीतल्या एका म्हाताऱ्याने त्याला तोंडावर विचारलं, "काय रे, पोर तुजं की साडवाचं?" तेव्हा तो एवढंच म्हणाला, "सरकारनं माजं म्हनलंय."

पण पोराशी तो वाईट वागला नाही. उलट फार चांगला वागायचा. त्याला खांद्यावर घेऊन नदीवर न्यायचा, करवंदं काढून द्यायचा, सदूला सांगितलेल्या मुंबईच्या गोष्टी त्याला सांगायचा. काशीराम ऐकायचा, हसायचाही. "मग काय झालं, काका?" असं विचारायचा. काका म्हटलं की भागोजीचं बोलणं अडखळायचं, पण तो दटावायचा नाही.

शाळा सुरू व्हायची वेळ झाली. एके सकाळी काशीरामने आपली पिशवी भरली, सदरा घातला आणि ओटीवर येऊन उभा राहिला. "मावशी, मला पालीला पोचव," तो म्हणाला. "शाळा सुरू व्हनार."

तुळसाने भागोजीकडे पाहिलं. भागोजी उठून परसात गेला. मग तिनेच पोराला जवळ घेतलं आणि सांगितलं की आता इथल्याच शाळेत जायचं, इथंच राहायचं.

"आये म्हनली व्हती शाळेस्तवर."

"आता मी तुजी आय, बाबा."

त्याने तिच्याकडे पाहिलं. रडला नाही. "नाय," तो म्हणाला, "तू मावशी."

दोन दिवसांनी तो पळाला. एवढंसं पोर पायवाटेने, ओढा ओलांडून, पालीला पोचलं. संध्याकाळी रावजी त्याला हाताला धरून घेऊन आला. वाडीच्या वेशीवर येऊन थांबला, पुढे आला नाही. तुळसा धावत गेली. रावजीने पोराचा हात तिच्या हातात दिला.

"कोर्टाचा हुकूम हाय," तो म्हणाला. "नाय आनला तर पोलीस येतील म्हनून आनला. जेवून आलाय."

काशीराम पुन्हा पळाला. पुन्हा. दरवेळी रावजी त्याला आणून पोचवायचा. पावसात एकदा तो पोराला पाठीवर घेऊन इरलं पांघरून आला. पोर त्याच्या मानेला मिठी मारून झोपलं होतं. रावजी ती मिठी एकेक बोट करून सोडवायला लागला, ते तुळसाला बघवलं नाही. तिने पोर अर्धवटच घेतलं, ते जागं झालं, आणि मग जे ओरडलं ते सगळ्या वाडीने ऐकलं.

त्या संध्याकाळी तुळसा भागोजीपुढे बसली. "तुमी देऊ शकता," ती म्हणाली. "जजसायब म्हनले ना, बापानं दिला तर चालंल. तुमी द्या त्येला आक्काला. कागद करून द्या. मी पाया पडतंय तुमच्या."

 "तू कोर्टात मला नागडा केलास," भागोजी म्हणाला. "ते मी सोडलं. तू खरं बोललीस. पन ह्ये मागू नको." त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं; सदू गेल्यापासून ते पहिल्यांदाच आलं होतं. "ह्येला दिला तर मी परत त्या एसटीत बसलो, तुळसे. माज्या मांडीवर परत कोन नाय."

तुळसाने त्याचे डोळे पुसले. दुसरं ती काय करणार होती?

पावसाळा सरत आला तेव्हा काशीराम पुन्हा पळाला, आणि ह्या वेळी एकटाच परत आला. पालीच्या घराला कुलूप होतं. शेजारणीने त्याला पाणी पाजून सांगितलं की येसूआजी गेली, आणि तिचं तेरावं होताच तुझ्या आईबापांनी गाव सोडलं. रावजीला दापोलीकडे, आंजर्ल्याला, होड्या दुरुस्तीचं काम मिळालं होतं. शेजारणीकडे गोदाने तुळसासाठी निरोप ठेवला होता: पोराला पळून यायला जागाच ठेवली नाही म्हणजे त्याचे पाय तिथे लागतील, त्याला सारखं सारखं परत पोचवणं आता ह्यांना झेपत नाही.

काशीराम मग पळाला नाही. काही दिवस जेवला नाही नीट, मग जेवायला लागला. शाळेत जाऊ लागला. भागोजीबरोबर गवताला जाऊ लागला. भागोजी दर पावलागणिक काठी आपटत त्याच्या पुढे चालायचा. गंगाचं लग्न लांबच्या गावी, बिजवराशी झालं. त्या लग्नाला गोदा आली नाही. आली असती तर लोकांनी पुन्हा जुनं उकरलं असतं.

दोन उन्हाळे गेल्यावर भागोजीनेच एकदा जेवता जेवता म्हटलं, "आंजर्ल्याला ने त्येला. बघून येऊं दे." तो वर न बघता भात कालवत राहिला.

तुळसा त्याला घेऊन गेली. गाड्या बदलत, खाडी ओलांडून, दुपार टळल्यावर पोचली. रावजी किनाऱ्यावर उलट्या घातलेल्या होडीपाशी होता. त्याने पोराला पाहिलं आणि हातातलं हत्यार वाळूत ठेवलं. पोर उंच झालं होतं. रावजीने त्याच्या डोक्यावर हात ठेवला, म्हणाला, "चल, घरी हाय ती."

गोदा चुलीपाशी होती. केस सगळे पांढरे झाले होते. काशीराम दारातच उभा राहिला, तुळसाच्या मागे.  गोदाने ताट घेतलं, भात वाढला, माशाचं कालवण वाढलं, काटे काढून दिले. तो जेवला. तिने त्याला इयत्ता विचारली, त्याने सांगितली. तिने विचारलं, पाढे येतात का, त्याने मान हलवली.  तुळसा मागच्या दारी जाऊन बसली, की आपण नसलो तर ती दोघं मोकळी होतील. पण आतून भांडी घासल्याचाच आवाज येत राहिला.

सकाळी निघताना गोदाने त्याच्या पिशवीत काजू घातले. तुळसाच्या डोक्यावरचा पदर सारखा करायला तिचा हात वर गेला, पण मधूनच खाली आला. "भागोजीला जप," ती म्हणाली. "वाईट मानूस नाय त्यो."

"आक्का, मी सही केली नसती तर…"

"गाडी चुकंल तुजी," गोदा म्हणाली.

एसटीत काशीराम खिडकीशी बसला. गाव मागे पडलं. मग एकदम म्हणाला, "ती येवढी म्हातारी कधी झाली?" आणि हमसून हमसून रडायला लागला. तुळसाने त्याला कुशीत घेतलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याने घेऊ दिलं. तो रडता रडता थकला, तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडला. गाडी घाट चढत होती. अर्धवट झोपेत त्याने विचारलं, "आपन घरी कधी पोचनार?"

घरी म्हणजे तो त्यांचं घर म्हणत होता, भागोजीचं आणि तिचं. एके काळी एवढा एक शब्द ऐकायला तिने सही केली होती. तुळसा त्याच्या केसांवरून हात फिरवत राहिली, आणि मागे राहिलेल्या किनाऱ्यावर आता आक्का काय करत असेल, ह्याच्यापलीकडे तिला काही सुचेना.